गुडघाभर उंबरठा

मुंबईचा किनारा कसा वाचवावा याबद्दल मला बरंच कळतं, असा आमच्या बिल्डिंगमध्ये समज आहे. हा समज मीच पसरवला. परळला जुन्या गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या एका काचेच्या इमारतीत आमचं ऑफिस आहे. तिथे समुद्राची वाढती पातळी, वादळं, लाटा, बांध या विषयांवर जाडजूड इंग्रजी अहवाल तयार होतात. त्यांचा मराठी गोषवारा लिहिणं एवढंच माझं काम. इंजिनियर लोक जे लिहितात ते मी जनतेला कळेल अशा भाषेत आणतो आणि जनता ते वाचत नाही. पण कुठे नोकरी करता असं कुणी विचारलं की मी सांगतो, "किनारा संरक्षणात." ऐकणाऱ्याला वाटतं, हा माणूस नेव्हीत असावा. मी ते खोडून काढत नाही.

राहतो मात्र दादरला, चौपाटीवर जाऊन संपणाऱ्या एका गल्लीत, तळमजल्यावर. घरात आम्ही तिघं: आई, बायको आणि मी. आईचं वय झालंय आणि गुडघे तिच्याहून म्हातारे आहेत. वडील गेल्यापासून तिचा सगळा दिवस संध्याकाळच्या एका तासासाठी असायचा. पाच वाजले की ती चहाचा कप विसळून ठेवायची, केसांवरून फणी फिरवायची, काठी घ्यायची आणि हळूहळू चौपाटीवर जायची. तिथल्या कट्ट्यावर आंटी येऊन बसलेली असायची. आंटी म्हणजे आईची मैत्रीण. चर्चच्या मागच्या वाडीतली, मुंबईच्याच मूळच्या ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबातली, एका शिपिंग ऑफिसातून टायपिस्ट म्हणून रिटायर झालेली. दोघी समुद्राकडे तोंड करून बसायच्या आणि समुद्र सोडून सगळ्यावर बोलायच्या. काय बोलता, असं आईला विचारलं तर म्हणायची, "तुमच्याबद्दलच बोलतो." ते खोटं नसावं.

तीनेक वर्षांपूर्वी एका रविवारी दुपारी मोठी भरती आणि धो धो पाऊस यांची गाठ पडली. वारा असा की चौपाटीवरच्या भेळेच्या गाड्यांची छपरं उडून गल्लीत आली. मागोमाग पाणी आलं आणि ते थेट आमच्या घरात शिरलं. मी तेव्हा झोपलो होतो. रविवारची दुपारची झोप ही आयुष्यात मी वेळेवर करत आलेली एकमेव गोष्ट. अंथरूण जमिनीवर होतं. पाठीला गार लागलं तेव्हा मला वाटलं, बायकोने पंखा वाढवला असेल. मी कूस बदलली आणि मग उठलो.

फ्रिज गेला, गाद्या गेल्या, कपाटाच्या खालच्या खणातल्या बायकोच्या साड्या गेल्या. पाणी दारातून आलं. मोरीतूनही आलं होतं, असं बायकोचं म्हणणं. पण मी दारात उभा होतो, त्यामुळे मला दारातून येणारंच दिसलं आणि किनारा संरक्षणातला माणूस मी होतो. तेव्हा पाणी दारातून आलं, असं घरात ठरलं.

वस्तू परत आणल्या, झोप काही परत आली नाही. आभाळ भरलं की मी मोबाइलवर भरतीच्या वेळा बघायचो. पाऊस लागला की घडीघडी दार उघडून गल्ली बघायचो. पाऊस नसला तरी बघायचो, कारण सवय लागली होती. दिवसाची काय नि रात्रीची काय, झोप अशी नाहीच. ऑफिसात टेबलावर मान टेकून पेंगायचो. एका गोषवाऱ्यात 'लाटांची उंची'ऐवजी 'खाटांची उंची' असं छापून आलं, आणि जनतेपैकी कुणीही तक्रार केली नाही.

मग एका दिवाळीनंतर मी मनावर घेतलं. दर पावसाळ्यात तुंबणाऱ्या हिंदमाताच्या साड्यांच्या दुकानांचे ओटे दर काही वर्षांनी वर वर चढताना मी लहानपणापासून बघतोय. ज्यांच्या घरी पाणी येतं ते अहवालाची वाट बघत बसत नाहीत, असा एक विचार मला ऑफिसातच सुचला. तिथल्या एका दुकानदाराकडून त्याचाच गवंडी मागवला. जुना लाकडी उंबरठा काढला, दार खालून कापलं आणि दारात गुडघ्याच्या वर येईल एवढी विटांची भिंत घातली. वर काळं, चकचकीत ग्रॅनाइट. गवंडी म्हणाला, "साहब, इसके ऊपर से जाओगे कैसे?" मी म्हटलं, "पानी को रोकना है, मुझे नहीं." या वाक्यावर मी दोन दिवस खूश होतो.

बायको बाहेरून आली. पदर खोचला, एक पाय टाकला, दुसरा टाकला आणि म्हणाली, "रोज भाजीच्या पिशव्या घेऊन हे करायचं?" मी म्हटलं, व्यायाम होईल. त्यावर ती काही बोलली नाही. ती काही बोलली नाही की घाबरायचं असतं, हे मला लग्नाला इतकी वर्षं होऊनही वेळेवर आठवत नाही.

बाकीच्यांनी आपापले मार्ग काढले. कुरियरवाला पार्सल भिंतीवरून आत टाकायला लागला. कामवाली बाई साडी वर खोचून टुणकन उडी मारायची, आणि जाताना एक शिवी देऊन जायची, ती भिंतीला की मला हे मी विचारलं नाही. सगळ्यात बहार संक्रांतीला आली. बायकोचं हळदीकुंकू होतं. बिल्डिंगमधल्या बायका ठेवणीतल्या साड्या नेसून दाराशी आल्या आणि भिंत बघून पॅसेजमध्येच थबकल्या. शेवटी त्यांनी बाहेर रांग लावली. बायकोने आतून हात लांब करून एकेकीला कुंकू लावलं, तिळगूळ आणि वाण बाहेर दिलं. तिकीट खिडकीवर चालतं तसं ते चाललं होतं. मी आतल्या खोलीतून बघत होतो. मला वाटलं, छान, घरात गर्दी झाली नाही.

पण हा झाला गमतीचा भाग. खरा घोळ झाला तो आईचा, आणि तो पहिल्याच दिवशी झाला. आई रोज सकाळी अंघोळ करून उंबरठा पुसते, त्याला हळदकुंकू लावते आणि शेजारी रांगोळीची दोन पावलं काढते. ग्रॅनाइट बसलं त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने नव्या उंबरठ्याचीही पूजा केली. मला भरून आलं. माझ्या कामाला एवढा मान ऑफिसात कधी मिळालेला नाही. संध्याकाळी पाच वाजता ती काठी घेऊन दाराशी आली आणि उभी राहिली. पाय उचलून पलीकडे टाकावा तर गुडघा तेवढा वर येईना.

"अगं, वर पाय दे आणि उतर पलीकडे," मी म्हटलं. "मी धरतो ना."

आईने माझ्याकडे बघितलं. "उंबरठ्यावर पाय देतात का रे?"

देत नाहीत. उंबरठ्यावर पाय देत नाहीत, बसत नाहीत, त्यावर उभं राहून शिंकतसुद्धा नाहीत. चुकून पाय लागला तर वाकून नमस्कार करतात. पायरीवर पाय देतात, ओट्यावर देतात, बंधाऱ्यावर तर आमच्या ऑफिसचे लोक चढून फोटो काढतात. पण दारात जे आडवं असतं तो उंबरठा, आणि त्याला एकदा हळदकुंकू लागलं की विषय संपला. ओलांडता येणार नाही इतकी उंच आणि पाय ठेवता येणार नाही इतकी पवित्र वस्तू मी स्वतःच्या दारात पैसे देऊन बांधून घेतली होती.

मी हार मानली नाही. आत एक पाट ठेवला, बाहेर एक पाट ठेवला. आतल्या पाटाला बायको दोनदा ठेचकाळली. बाहेरच्या पाटाला सोसायटीचे सेक्रेटरी अडखळले आणि नोटीस बोर्डावर माझ्याबद्दल, नाव न घेता, चार ओळी लागल्या. एवढं करून आईचा पाय पाटावरूनही पलीकडे जात नव्हता, ग्रॅनाइटवर टेकवावाच लागत होता. उचलून नेतो म्हटलं तर म्हणाली, "मी काय गॅसचा सिलिंडर आहे?"

"आई, देवाला कळतं गं. गुडघ्यांमुळे पाय देतेस, मुद्दाम थोडीच."

"एखाद्या दिवशी कळेल त्याला. रोज सकाळी पुजायचं आणि रोज संध्याकाळी त्यावरच पाय ठेवून जायचं, हे नको. राहू दे. तसंही मला आता चालवत नाही तेवढं."

चालवत नाही, हे तिने पहिल्यांदाच म्हटलं होतं. मला ते सोयीचं होतं म्हणून मी लगेच खरं मानलं. चूक भिंतीच्या उंचीची नाही, आईच्या श्रद्धेची आहे, असा निष्कर्ष काढून मी मोकळा झालो. निष्कर्ष काढण्यात आमच्या ऑफिसचा हात कुणी धरणार नाही.

आठवडाभराने आंटी घरी आली. दाराबाहेरूनच आईला म्हणाली, "काय गो, कट्ट्यावर येत नाय तू? मला वाटला, आजारी पडली." मग तिला भिंत दिसली. तिचे गुडघेही आईच्याच वयाचे. ती वर पाय ठेवून येऊ शकली असती, तिला कसली आडकाठी नव्हती. तिने काठी भिंतीला टेकवली, पाय उचलला, आणि ग्रॅनाइटवरचं हळदकुंकू बघून पुन्हा खाली ठेवला.

"नाय रे बाबा," मला म्हणाली. "तुझ्या आईचा देव हाय तो."

तेव्हापासून आंटीची खुर्ची बाहेर पॅसेजमध्ये आणि आईची आत दाराशी. मधे माझी भिंत. दोघी त्यावरून बोलायच्या. चहाचा कप आतून बाहेर जायचा. नाताळात आंटीने घरच्या फराळाचं ताट बाहेरून आत दिलं. रोजचा तास आठवड्यातून एखाददोनदा यावर आला, कारण आंटीलाही इतकं चालणं जड जायचं आणि पॅसेजमध्ये बसायला समुद्राचा वाराही नव्हता. मला मात्र ते दृश्य फार लोभस वाटलं. मी फोटो काढला आणि ऑफिसच्या एका सादरीकरणात लावला. खाली लिहिलं, 'घरगुती पातळीवरील संरक्षण आणि सामाजिक संवाद'. टाळ्या पडल्या. फोटोत आईचा चेहरा नीट दिसत नाही, ती खाली बघतेय, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आणि मी? मी झोपायला लागलो. ग्रॅनाइट बसलं त्या दिवसापासून. जूनमध्ये पाऊस लागला, गल्लीत पावलं बुडतील एवढं पाणी साचायचं, आणि मी रविवारी दुपारी घोरायचो. पहिल्या मजल्यावर ऐकू येतं, असं तिथल्या शेजाऱ्याने सांगितलं. पावसामुळे आंटीचं येणं बंद झालं. आई खिडकीशी बसायची. आमच्या खिडकीतून समुद्र दिसत नाही, गल्लीत लावलेल्या स्कूटर दिसतात. पाच वाजले की ती अजूनही केसांवरून फणी फिरवायची.

मग तो दिवस आला. खरं सांगायचं तर मी त्याची वाट बघत होतो. समुद्रात कुठेतरी वादळ होतं, दुपारी मोठी भरती होती, आणि सकाळपासून आभाळ फाटलं होतं. ऑफिसने घरूनच काम करा असं सांगितलेलं. गल्लीत पाणी चढत चढत दाराशी आलं, माझ्या भिंतीला लागलं आणि थांबलं. मी खुर्ची ओढून दाराशी बसलो. पाणी निम्म्या भिंतीपर्यंत, घर कोरडं ठणठणीत. फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकला. लोकांनी अंगठे पाठवले. आईलाही बोलावून दाखवलं. ती म्हणाली, "छान झालं," आणि पुन्हा खिडकीशी जाऊन बसली.

"जरा इकडे ये," बायकोने आतून हाक मारली.

मोरीच्या जाळीतून काळं पाणी बुडबुडत वर येत होतं. भरतीच्या वेळी समुद्र नाल्यांच्या तोंडाशी येऊन उभा राहतो, शहरातलं पाणी बाहेर पडू शकत नाही, मग ते मागे फिरतं आणि मिळेल त्या भोकातून वर येतं. हे मला ठाऊक होतं. मी ते स्वतः मराठीत लिहिलं होतं, आणि 'बॅकफ्लो'ला 'प्रतिप्रवाह' असा शब्द योजल्याबद्दल साहेबांनी मला शाबासकी दिली होती. आता माझ्या मोरीतून प्रतिप्रवाह येत होता. मी त्यावर आधी गोणपाट टाकलं, मग पाट ठेवला, मग पाटावर स्वतः उभा राहिलो. पाणी माझ्या पायांच्या बाजूने वर येत राहिलं.

"तू असाच उभा राहणारेस का?" बायकोने विचारलं. तिने तेवढ्यात मेन स्विच बंद केला होता, साड्यांचा खण काढून टेबलावर ठेवला होता आणि वरच्या शेजाऱ्याला हाक मारली होती.

थोड्या वेळात आत आणि बाहेर सारखंच पाणी झालं. आईला पहिल्या मजल्यावर न्यायचं ठरलं. बायकोने तिला धरून दाराशी आणलं, शेजारी बाहेर हात पुढे करून उभा राहिला. पाणी आईच्या पोटऱ्यांपर्यंत होतं. ती भिंतीपाशी थांबली आणि मला म्हणाली, "करंडा आण."

"कसला करंडा?"

"कुंकवाचा. देव्हाऱ्यातला."

माझं डोकं फिरलं. "आई, पाणी चढतंय. आता पूजा कसली?"

"आण म्हणते ना."

मी पाणी तुडवत गेलो आणि करंडा आणला. आईने ग्रॅनाइट पदराने पुसलं. दोन बोटं हळद लावली, कुंकू लावलं. हात जोडले, वाकून कपाळ टेकवलं, काहीतरी पुटपुटली. मग बायकोच्या खांद्यावर भार देऊन, मी खाली धरलेल्या पाटावरून, तिने उंबरठ्यावर पाय ठेवला. क्षणभर ती त्यावर चौकट धरून उभी होती. मग शेजाऱ्याचा हात धरून ती पलीकडे उतरली.

मला हायसं वाटायला हवं होतं, पण मला राग आला. "येतं की तुला," मी म्हटलं. "मग इतके महिने का बसून राहिलीस? निदान सांगायचंस तरी. मी फोडून टाकला असता."

आई जिन्याकडे वळली. बायको बोलली. पदर खोचून, मोरीचं काळं पाणी चेहऱ्यावर उडालेलं, ती एका दमात म्हणाली, "मी फोडणार होते. संक्रांत झाल्यावर लगेच. गवंड्याला फोनही केला होता. आईंनी मला शपथ घातली."

"शपथ? कशाला?"

आई तोवर जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर पोचली होती. कठडा धरून तिथेच वळली.

"तू झोपायला लागला होतास रे," ती म्हणाली, आणि पुढची पायरी चढली.

मी भिंतीच्या आत पाण्यात उभा होतो. मला रडू आलं, आणि ते आवरावंसंही वाटलं नाही. केस पिकलेला, किनारा संरक्षणातला माणूस मोरीच्या पाण्यात उभा राहून रडतोय, हे बघून शेजारी बिचारा तोंड फिरवून आईच्या मागोमाग वर गेला. बायकोने बादली आणून माझ्या हातात दिली. बाहेरचं पाणी ओहोटीबरोबर उतरलं. आतलं मात्र उतरेना. मोरी गाळाने तुंबली होती आणि दारात माझी भिंत होती. संध्याकाळपर्यंत आम्ही दोघं बादल्या भरभरून भिंतीवरून गल्लीत ओतत होतो. भिंत भक्कम होती, एक थेंब बाहेर जाऊ देत नव्हती.

पुढच्या रविवारी मी स्वतः हातोडा घेऊन बसलो. तासाभरात ग्रॅनाइटचा एक कोपरा आणि माझं एक नख तुटलं. मग तोच गवंडी बोलावला. तो काम संपेपर्यंत हसत होता. आता आमच्या दारात बोटभर उंचीचा लाकडी उंबरठा आहे आणि कापलेल्या दाराला खालून फळी जोडली आहे. फ्रिज विटांवर आहे, साड्या माळ्यावर आहेत, मोरीला उलटं पाणी अडवणारी झडप बसवली आहे, जी प्लंबरच्या मते बहुतेक चालेल. ऑफिसात सादरीकरणातला तो फोटो मी काढून टाकला. का काढलास, असं साहेबांनी विचारलं, तर म्हटलं, प्रकाश नीट नव्हता.

आई चौपाटीवर जायला लागली. पहिल्या दिवशी मी सोबत गेलो. इतक्या महिन्यांत तिचं चालणं खरंच कमी झालं होतं. वाटेत तीनदा थांबलो. ते गेलेले महिने मला कुठल्याही गवंड्याकडून परत आणता येणार नाहीत, हे मी चालताना मनातल्या मनात कितीदा म्हटलं असेन. कट्ट्यावर आंटी होती. आईला बघून तिने नुसतं म्हटलं, "सुटलीस गो?" आणि बसायला जागा केली. मग दोघींनी माझ्याकडे बघितलं. तुमच्याबद्दलच बोलतो, म्हणजे मी तिथून गेल्याशिवाय बोलता येणार नव्हतं. मी गेलो.

झोपेचं म्हणाल तर ती पुन्हा गेली. पाऊस लागला की मी कूस बदलत पडतो, कान मोरीकडे आणि डोळे दाराकडे. परवा रविवारी दुपारी असाच जोर धरला होता. मी उठून गल्ली बघायला निघालो तर आई खुर्ची दाराशी घेऊन बसली होती. दार अर्धवट उघडं, काठी मांडीवर.

"पड तू," ती म्हणाली. "मी आहे जागी. पाणी आलं तर उठवते."

मी जाऊन पडलो, आणि झोपलो. पाच वाजता तिने मला उठवलं. पाणी आलं नव्हतं. पाऊस थांबला होता, आणि तिची निघायची वेळ झाली होती.